हिरवळीआधी एक पावसाळा जमिनीसाठी

वाचकाचे पत्र

आमचे वडिलोपार्जित घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आहे. निवृत्तीनंतर आम्ही दोघे मुंबईहून कायमचे इथे राहायला आलो आणि गेल्या दीड वर्षात घराची दुरुस्ती पूर्ण केली. घराभोवतीचे भाट, म्हणजे झाडांची मोकळी जमीन, सुमारे ४,००० चौरस मीटरचे असून त्यातली २,५०० चौरस मीटर जागा मोकळी आणि किंचित उताराची आहे. कामाच्या दिवसांत तिथे ट्रक उभे राहिले, चिरे रचले गेले, सिमेंट कालवले गेले. आता ती जागा रस्त्यासारखी घट्ट झाली आहे. एका कंत्राटदाराने जेसीबीने वरचा थर खरवडून, ४० टिपर लाल माती पसरून पहिल्या पावसाबरोबर हरळीचे बी टाकण्याचे सुचवले आहे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्या घरी तीन पिढ्या जमतात. तोपर्यंत मुलांना खेळायला हिरवळ तयार व्हावी, अशी फार इच्छा आहे. हा बेत योग्य आहे का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

चवथीला भरलेले घर आणि अंगणाबाहेर हिरव्या गवतावर धावणारी मुले, हे आपल्या मनातले चित्र मला पत्रातून दिसले. तरीही आधीच स्पष्ट लिहितो, की कंत्राटदाराचा बेत स्वीकारू नका. यंदाचा पावसाळा जमीन तयार करण्यासाठी राखून ठेवा आणि बी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पेरा. चवथीसाठी एक लहान तुकडा वेगळ्या रीतीने हिरवा करता येईल. त्याविषयी शेवटी लिहितो.

हरळीचे बी अतिशय बारीक असते. सोललेल्या बियाण्याच्या एका किलोत चाळीस लाखांच्या आसपास दाणे भरतात. ते अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल गेले तर उगवत नाही, आणि रुजायला एक ते तीन आठवडे घेते. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. असे बी उघड्या उतारावर जूनमध्ये टाकले तर काय होते, हे मी एका परिचितांच्या घरी पाहिले आहे. रात्रभर पाऊस झाल्यावर सकाळी आम्ही पाहायला गेलो, तेव्हा पसरलेल्या मातीत बोटभर रुंदीचे असंख्य ओघळ पडले होते आणि जांभ्याचा प्रत्येक खडा मातीच्या लहानशा खांबावर उभा होता. खड्याने आपल्याखालची माती तेवढी वाचवली होती, मधली सगळी वाहून गेली होती. पंधरा दिवसांनी हरळी उगवली, पण ती फक्त खालच्या गडग्याच्या पायथ्याशी, हातभर रुंदीच्या पट्ट्यात. वरचा सगळा उतार लालभडक आणि उघडा राहिला होता.

वरचा थर खरवडण्याची कल्पना मला त्याहूनही घातक वाटते. शतकानुशतकांच्या पावसाने आपल्या जमिनीतला चुना, पालाश आणि मॅग्नेशियम धुऊन नेले आहेत आणि लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे उरले आहेत. जांभ्या जमिनीचा लाल रंग आणि तिचा आम्लपणा यातूनच आला. अशा जमिनीत मुळांना उपयोगी पडेल असे जे काही असते ते वरच्या वीतभर मातीतच असते. चिरेखाणीवर काम केलेल्या कोणालाही विचारा, ताजा कापलेला चिरा तुलनेने मऊ असतो आणि उघड्यावर ऊनपाऊस खाऊन टणक होतो. वरची माती काढून खालचा थर मे महिन्याच्या उन्हात उघडा टाकला, तर त्याचेही थोड्याफार फरकाने हेच होते. मग त्या कडक तळावर आणलेली माती पसरली की दोन थर एकमेकांशी कधीच एकजीव होत नाहीत. पावसाचे पाणी सांध्यापर्यंत उतरते आणि तिथे अडते. सपाटीवर त्यामुळे मुळे कुजतात, उतारावर वरचा थरच घसरू लागतो आणि उन्हाळ्यात मुळे सांध्याखाली न गेल्याने गवत सर्वांत आधी करपते.

शिवाय ती ४० टिपर माती कुठल्या तरी डोंगराच्या पोटातून येणार. एका टिपरमध्ये १० घनमीटर माती धरली तर ती आपल्या जागेवर सोळा सेंटीमीटरचा थर देईल, आणि त्या थरात सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नसेल; असतील ते खडे आणि लव्हाळ्याचे, म्हणजे एका चिवट तणाचे, कंद. गोव्याच्या नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला पूर्वपरवानगी लागते, हेही ध्यानात असू द्या. कोणी माती आणून देतो म्हटले तर ती कुठली, याचा कागद मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आता काय करायचे ते सांगतो. पहिले काम याच आठवड्यात करण्यासारखे आहे आणि त्याला फारसा खर्च नाही. जागेत नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पंधरा सेंटीमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची बोटभर जाडीची माती वरपासून तळापर्यंत कापून घ्या. सगळी माती स्वच्छ घमेल्यात मिसळा, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत राहा. ती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा; खताच्या रिकाम्या पिशवीत भरलेला नमुना खोटे आकडे देतो. उताराच्या वरच्या भागाचा, खालच्या भागाचा आणि जिथे सिमेंट कालवले त्या जागेचा नमुना वेगवेगळा ठेवा, कारण सिमेंट पडलेली जमीन आम्ल नसून उलट अल्कधर्मी झालेली असू शकते आणि तिथे चुना टाकणे म्हणजे चुकीत भर घालणे होईल. जुने गोवे येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि उत्तर गोव्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे. माती तपासणीची चौकशी आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयातही करता येईल.

अहवाल येईपर्यंत दोन परीक्षा घरच्या घरी करा. तीस सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा पाण्याने काठोकाठ भरा, तो निचरला की पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पाणी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजा. तासाला अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक उतरले तर निचरा ठीक आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच दिसले तर त्या जागी गवताआधी चराचा विचार करावा लागेल. दुसरी परीक्षा लोखंडी सळईची. आदल्या दिवशी भिजवलेल्या जमिनीत बोटाएवढी जाड सळई हाताने दाबा. ट्रक जिथे उभे राहत होते तिथे ती चार बोटे जाऊन थांबेल आणि फणसाच्या सावलीत सहज वीतभर जाईल. हा फरक आपण स्वतःच्या तळहाताने अनुभवावा, असे मला फार वाटते, कारण त्यानंतर जमीन का फोडायची हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

क्षेत्राविषयीही एक आग्रह आहे. हिरवळ २,५०० चौरस मीटरवर करू नका. पाऊस थांबल्यावर, विशेषतः फेब्रुवारी ते मे या काळात, हिरवळ हिरवी ठेवायला दर चौरस मीटरला रोज सरासरी चार लिटर पाणी धरावे लागते, म्हणजे एवढ्या जागेला रोजचे १०,००० लिटर, एक मोठा टँकर. आपली विहीर मे महिन्यात किती खाली जाते ते आपल्यालाच ठाऊक. घरासमोरची १,००० चौरस मीटर जागा हिरवळीला द्या आणि उरलेल्या जागेत झाडे, फुलझाडे, हवे तर थोडी परसबाग ठेवा. हरळीला पाणी कमी पडले तर ती तपकिरी होते, पण मरत नाही. पावसाबरोबर पुन्हा फुटते. हे मान्य असेल तर पाणी आणखी कमी लागेल. खालचे सगळे आकडे मी १,००० चौरस मीटरसाठीच दिले आहेत.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बांधकामाचा राडारोडा हाताने वेचून काढा. सिमेंटचे पापुद्रे, कौलांचे तुकडे, खिळे आणि वायरी यांपैकी काहीही मातीत गाडू नका. त्यानंतर जमीन कोरडी असतानाच जेसीबीच्या दातांनी किंवा ट्रॅक्टरच्या फाळाने ती तीस सेंटीमीटरपर्यंत फोडून घ्या, पण उलथवू नका. वरची माती वर आणि खालची खालीच राहिली पाहिजे. कोरडी जमीन फुटते आणि ओली जमीन यंत्राच्या वजनाने आणखी दाबली जाते, म्हणून हे काम पावसावर ढकलू नका. फोडताना आंबा, फणस, माड यांच्या फांद्यांच्या घेराच्या आत यंत्र नेऊ नका आणि बुंध्याशी माती चढवू नका. तसेही तिथे हरळी होणार नाही, तिला दिवसातून किमान सहा तास ऊन हवे. त्या सावलीत पालापाचोळाच शोभतो. भाटाच्या कोपऱ्यात रोयण, म्हणजे वारूळ, असेल तर तिला हात लावण्यापूर्वी वाड्यावरच्या जाणत्या माणसांना विचारा, कारण अनेक ठिकाणी ती सातेरी देवीचे स्थान म्हणून पुजली जाते.

उतार ठरवताना पाण्याकडे पाहून ठरवा. घरापासून दूर, दर दहा मीटरला दहा ते वीस सेंटीमीटर एवढाच उतार हिरवळीला पुरतो. पागोळ्यांखाली मात्र गवत कधीच टिकत नाही. छपराचे क्षेत्र २०० चौरस मीटर धरले तर एका पावसाळ्यात त्यावरून सहा लाख लिटर पाणी खाली येते आणि ते सगळे घराभोवतीच्या एका अरुंद रेषेवर पडते. त्या रेषेवर फुटलेल्या चिऱ्यांची खडी भरलेला चर करा, त्याचे तोंड उताराच्या बाजूला काढा आणि हिरवळ त्याच्या पलीकडून सुरू करा. जमिनीच्या वरच्या अंगालाही एक चर हवा, म्हणजे शेजारच्या उंच भागातले पाणी आपल्या मातीवरून धावणार नाही.

अहवालात सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लपणाचे माप) साडेपाच किंवा त्याखाली आला, तर शेतीचा चुना किंवा डोलोमाइट टाकावे लागेल. आपल्याला सामू सहा ते साडेसहाच्या दरम्यान आणायचा आहे. जमिनीनुसार दर चौरस मीटरला २०० ते ४०० ग्रॅम, म्हणजे एकूण दोनशे ते चारशे किलो, असा साधारण हिशेब येतो. नेमका आकडा अहवालावरून घ्या. घराला लावायची चुनकळी वापरू नका, ती दाहक असते. चुना मे महिन्यातच पसरून वरच्या पंधरा सेंटीमीटर मातीत मिसळा, कारण त्याला काम करायला ओलावा आणि वेळ दोन्ही लागतात, आणि पावसाळा हे दोन्ही देतो. शेणखत किंवा युरिया त्याच वेळी टाकला तर त्यातला नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातो, म्हणून खताला सप्टेंबरपर्यंत थांबवा.

आता पावसाळ्याचे काम. फोडलेली जमीन पावसात उघडी ठेवली तर कंत्राटदाराच्या मातीचे जे झाले असते तेच तिचेही होईल. म्हणून पहिल्या सरींबरोबर सगळ्या मोकळ्या जागेवर ताग पेरा आणि जिथे पाणी रेंगाळते तिथे धैंचा (दोन्ही मातीत कुजवायची हिरवळीच्या खताची पिके), कारण ताग साचलेल्या पाण्यात तग धरत नाही. हजार चौरस मीटरला पाच किलो बी पुरेल. ओळी उताराला आडव्या घ्या. तागाचे बी मोठे असते, तीन-चार दिवसांत उगवते आणि महिनाभरात जमीन झाकून टाकते. त्याची सोटमुळे फोडलेल्या भेगांतून खाली जातात आणि हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत साठतो. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फुले येऊ लागताच, तो कापा. पुस्तकात लगेच गाडायला सांगितलेले असते, पण आपल्याकडे तेव्हा जुलैचा मुसळधार पाऊस चालू असतो आणि त्या चिखलात यंत्र घातले तर मे महिन्याची सगळी मेहनत वाया जाईल. कापलेला ताग जागेवरच आडवा पसरून ठेवा. तो मातीला पांघरूण होईल आणि हळूहळू कुजेल.

या चार महिन्यांत छत्री घेऊन जागेत फिरत राहा. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही जिथे पाणी दिसेल तिथे बांबूची खुंटी ठोका. कोणत्याही मोजणीयंत्रापेक्षा हा नकाशा अधिक उपयोगी पडतो आणि तो फक्त पावसाळ्यातच मिळतो. तणही असेच ओळखून ठेवा. टायकिळा कोवळा असताना भाजीसाठी खुडून न्या, तो काही शत्रू नाही. लाजाळू आणि रानमोडी बी धरण्याआधी मुळासकट उपटा. लव्हाळ्याबाबत मात्र फार सावध राहा. त्याचे कंद जमिनीखाली माळेसारखे एकमेकांना जोडलेले असतात, आणि रोटाव्हेटर फिरवला की माळ तुटून प्रत्येक कंद स्वतंत्रपणे फुटतो. एका गड्ड्याचे पन्नास होतात. पावसाने माती मऊ झाली असताना चार दातांच्या फावड्याने खोलवर उचकटून कंद हाताने वेचणे हाच खात्रीचा उपाय आहे. ते काम कंटाळवाणे आहे, पण हिरवळ झाल्यावर ते करताच येत नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर पाऊस ओसरला की वाफशाची, म्हणजे जमीन कामापुरतीच ओलसर राहण्याची, वाट पाहा. मूठभर माती घट्ट दाबा. गोळा होऊन अंगठ्याच्या दाबाने तो भुगा झाला तर जमीन कामाला तयार आहे, बोटांना चिकटली तर दोन दिवस थांबा. मग अडीच सेंटीमीटर जाडीचे पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट पसरा. हजार चौरस मीटरला ते २५ घनमीटर होते, म्हणजे अडीच टिपर. चाळीस टिपर मातीच्या खर्चाशी याची तुलना आपणच करून पाहा. खत हातात घेतल्यावर गार लागले पाहिजे आणि त्याला पावसाळी मातीचा वास आला पाहिजे; गरम किंवा उग्र वासाचे खत म्हणजे तणाच्या बियांचे कोठार. अहवालात स्फुरद (फॉस्फरस) कमी असेल तर सुपर फॉस्फेट या खतात मिसळूनच द्या, कारण नुसते टाकलेले स्फुरद जांभ्या मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात. हे सगळे आणि कुजलेला ताग पंधरा सेंटीमीटरपर्यंत एकदाच मिसळा. रोटाव्हेटर पुन्हा पुन्हा फिरवून मातीचे पीठ करू नका. पहिल्या पाण्याला त्याची पापडी धरते.

त्यानंतर खुंट्यांच्या जागा भरून सपाटी करा, हलके पाणी द्या आणि दोन-तीन आठवडे काहीही पेरू नका. जे तण उगवेल ते खुरप्याने वरचे दोन सेंटीमीटर खरवडून काढा. खोल खणाल तर खालचे नवे बी वर येईल. जमीन बसली की नाही हे टाचेने कळते. टाच सेंटीमीटरभर रुतावी. खोल गेली तर हलका रूळ फिरवा, अजिबात रुतली नाही तर दाताळ्याने वरची माती मोकळी करा. या टप्प्यावर दोन-तीन सेंटीमीटरहून मोठे खडेही वेचून टाका.

परतीचा पाऊस थांबला की, साधारण दसऱ्यानंतर, पेरणी करा. त्याहून उशीर झाला तर डिसेंबरच्या गार रात्रींत हरळीची वाढ मंदावते. बी पाच ते दहा किलो लागेल. जमीन अशी तयार झाली असेल तर सात किलोत भागावे. ते कोरड्या बारीक रेतीत मिसळा, निम्मे उभ्या आणि निम्मे आडव्या दिशेने फेका, दाताळ्याची पाठ फिरवून हलका रूळ द्या आणि वर जमीन दिसत राहील इतका विरळ पेंढा पसरा. पहिले तीन आठवडे दिवसातून दोन-तीनदा बारीक तुषाराने माती ओलसर ठेवा. कुंपणाची भोके मात्र त्याआधी बुजवा, कारण मोकाट गुरांना कोवळी हरळी लांबूनही कळते.

आता चवथीचे. अंगणाला लागून असलेला, सर्वांत सपाट आणि उन्हाचा ८० ते १०० चौरस मीटरचा तुकडा निवडा. त्याला मे महिन्यातच जमीन फोडणे, राडारोडा वेचणे आणि कुजलेले खत मिसळणे हे सगळे एकदम करा. चुना लागलाच तर तो आत्ता लगेच टाका आणि खत तीन-चार आठवड्यांनी. तिथे बी नको. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कार्पेट ग्रासचे मुळे असलेले तुकडे दहा-दहा सेंटीमीटरवर लावा. मुळे धरलेली असल्याने ते पावसात वाहून जात नाहीत, उलट पावसाळ्यातच झपाट्याने पसरतात आणि चवथीपर्यंत जमीन झाकतात. ऑगस्टमध्ये उघडीप पाहून एकदा उंच कापणी करा. गवताचे गठ्ठे रोपवाटिकेतून उचलण्याआधी प्रत्येक गठ्ठा उलटा करून मुळांत बोट फिरवा आणि लव्हाळ्याचा एक जरी काळा कंद सापडला तरी ती खेप परत करा.